टावेल-टोपीचा तास

मी शाळेत गेलो तो एकदम दहावीच्या वर्गात, अन् तेही शिकवाले. मधातले सारे वर्ग राहूनच गेले.

रिसोडच्या बजारात माहं आहेराच्या कापडाचं दुकान हाय. टावेल, टोपी, झंपरपीस. लग्न असो का तेरवी, पावन्याच्या डोक्शावर टोपी अन् खांद्यावर टावेल पडलाच पायजे. त्या टावेलानं आंग पुसलं त पानी फक्त इकडचं तिकडं होते. टोपी कोनाच्याच डोक्शात बसत नाई. दोन्ही पेटीत जातात, अन् पेटीतून दुसऱ्याच्या लग्नात.

हायस्कूलचे एक मास्तर शनिवारी पोराईले पैशाचा हिशेब शिकवतात. कमाई, खर्च, बचत, बजारभाव. मले म्हने, "तुमी या, धंदा कसा चालते ते सांगा."

"मास्तर, मले सही कराले घाम फुटते."

"या हो, सही नाई मांगत."

गेलो. पयले त्याईनं माहाच सत्कार केला, टावेल-टोपीनं. मालही माह्याच दुकानातला. पोट्टे खी खी करू लागले. म्हनलं, "हासू नका बे. इकलेला माल कोनी वापरतच नाई, मंग खराब निंघाला म्हनून वापस कोन आननार?" वर्ग लोयला हासून.

एक पोट्टी तेवढी हासली नाई. उभी राह्यली.

"काका, दिदीच्या लग्नाचा आहेर बाबा तुमच्याइथूनच घेनार हायेत. मले म्हनतात, वाशीमले सायन्स, होस्टेल, एवढा पैसा नाई. मंग जे कोनी वापरत नाई, त्याले पैसा कुठून येते?"

मास्तरनं फळ्यावर दोन खाने पाडले होते, एक गरज अन् एक हौस. म्हने, "सांगा, आहेर कोन्त्या खान्यात टाकू?"

मले घाम फुटला, अन् खांद्यावरच्या टावेलानं तो पुसल्याही जाईना.

राग आला. पयले पोट्टीचा, मंग मास्तरचा, मंग साऱ्या टावेलाईचा. घरी बायकोवर खेकसलो. ते म्हने, "एवढा राग हाय त दुकान बंद करा."

"अन् खाशीन काय? टोप्या?"

हप्ताभरानं पोट्टीचा बाप आला. संग नवे सोयरे होते. म्हने, "काढा गठ्ठा."

नीट बोलाले पायजे होतं. बाजूले घेऊन, चहा पाजून. पन मले अक्कल कवा होती? मी सोयऱ्याईसमोरच भडकलो. "पोरीच्या शिक्षनाले पैसा नाई म्हनतं अन् ह्या चिंध्या वाटाले हाय? जाय, मी नाई इकत तुले!"

बाप लालेलाल झाला. "अंगठाछाप, तू मले शिकवतं काय बे?"

तेवढ्यात एक सोयरा हळूच म्हने, "नसन ऐपत त राहू द्या ना भाऊ, आमचं काई म्हननं नाई."

बस. तिथंच घात झाला. बाप तरातरा समोरच्या दुकानात गेला. टावेलाचं नावबी नाई काढलं. जाड जाड शाली घेतल्या, जरीचे फेटे घेतले. सोयरे मान डोलवत राह्यले, अन् मी गल्ल्यावर बसून पाहत राह्यलो. गठ्ठा दोघाईले उचलत नोता.

लग्न झालं. मले पत्रिका नोती, अन् कोन कायले देईन? दहावी झाल्यावर पोट्टीनं इथंच आर्ट्सले नाव टाकलं. एक दिवस दुकानासमोरून चालली होती. म्हनलं, "काहून वो, वाशीम?"

"शालीतच गेलं सारं." थांबली. मंग म्हने, "काका, तुमी गुमान टावेल इकाले पायजे होते. तुमचे सस्ते होते. होस्टेलचा पयला हप्ता तरी निंघाला असता."

रागानं म्हनलं असतं त मी सहन केलं असतं. तिनं फळ्यावरचं गनित सांगावं तसं सांगतलं, अन् निंघून गेली.

यंदा मास्तर पुन्हा बोलवाले आले. त्याईले पायरीवरूनच हाकललं. मंग शटर अर्ध पाडलं अन् सोताले अशी शिवी देल्ली का समोरचा दुकानदार शालीची घडी टाकून पाहाले आला.