माळवदावरली माती

सायेब दगड चाटायचे. उचलायचा, हातोडीनं फोडायचा न् जिभंला लावायचा. पयल्यांदा बघितलं तवा मी पोरगी काखंला घट्ट धरली. माझी सासू, आत्याबाई, हसली. "अवं सायेब, संगं भाकर आनू का?"

"आणा की आजी! ओला केला की दगडाचा रंग उघडतो, चव कुठाय त्याला!"

जामखेडाकडलं आमचं गाव, दुष्काळाचं साल, हिरी कोरड्या ठाक. सायेब सरकारी, भूगर्भवाले. आज्याच्या आज्याच्या वक्ताला हितं भूकंप झालता, देऊळ पडलं हुतं. कुठल्या भेगंनं, ते हुडकत फिरायचे. कोयनेला हाललं तवापास्नं मी निजले तरी कान भुईला. आन हे म्हनत्यात भेग हितंच हाय!

एक दिस आमच्या हिरीत उतरले न् खालनं वरडले, "सापडली!" माझ्या मालकांनी मला बी पायऱ्यांनी खाली नेलं. कातळ घासल्यावानी गुळगुळीत, वर रेघा, बाजूला दगडाचा नुसता भुगा.

"हात लावा ताई. जमिनीचं जुनं दुखणं आहे हे. इथून सरकली होती."

देवळामागच्या हिरीत बी आसंच घावलं. हितनं तितं रेघ धरली, तर मदी आमचं घर.

"सायेब, माझी पोरगी तितं झोळीत निजती वो! परत कदी हालंल?"

"ते कुणालाच सांगता येत नाही, ताई. खोटा धीर देणार नाही मी." घरात आले, झोळीची दोरी धरून वर छताकडं बघत ऱ्हायले. "माळवदावर माती किती?"

आत्याबाई ताठली. "दरसाल पावसाआदी पांढरी माती टाकतो, सासऱ्याच्या वक्तापास्नं. थेंब गळत न्हाई!"

"आणि जुनी काढता?"

"जुनी कशाला काढायची?"

"आजी, भेग माणूस मारत नाही. डोक्यावरचं ओझं मारतं."

सायेब गेले, दगडाची पोती जिपंत घालून. परत कोनी आलं न्हाई.

आवंदा दारात पांढऱ्या मातीचा ढीग पडला. मी खोरं घिऊन वर चढले न् जुनी माती खरडून खाली लोटाया लागले.

"अगं भवाने, टाकायची का काढायची?"

"आदी काढायची, आत्याबाई. मग टाकीन, पातळ."

"आन गळलं म्हंजी? पोर भिजंल की!"

"भिजूंद्या. भिजली तर पुसून घीन."

आत्याबाई घरात गेली, झोळी सोडून आनली न् दारातल्या कडूलिंबाच्या फांदीला बांधली. "हां, लोट आता," म्हनली.