कणगीतला आवाज

मी जन्माची भित्री. कुकरची शिटी अडकली तरी मी स्वयंपाकघराच्या दारातून वाकून बघते. त्यामुळे माझ्या सासूबाईंनी घरातल्या सगळ्या सुना सोडून नेमकं माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा मी मागे वळून दुसरं कोणी उभं आहे का ते बघितलं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या गावच्या धवलारीण. आमच्याकडे लग्नात धवलारीण धवले गाते. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं ठरलेलं असतं, आणि ते झाल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. आईंना ही सगळी गाणी तोंडपाठ होती. लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं कधी अडलंही नाही. मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. आता धाकट्या दिराचं लग्न ठरलं होतं आणि धवले मी गायचे, असं आईंनी खुणेने सांगून टाकलं होतं.

मला दोन-चार धवलेच, तेही अर्धेमुर्धे, येत होते. बाकीचे एकाच ठिकाणी होते. काही वर्षांपूर्वी मी हौसेने माइक आणून आईंना आमच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसवलं होतं आणि एकेक धवला रेकॉर्ड केला होता. त्याची दुसरी प्रत काढावी हे मला सुचलं नाही. कोणालाच सुचलं नाही.

तो कॉम्प्युटर पडवीतल्या भाताच्या कणगीत होता. एका पावसाळ्यात कौलं सरकून तो भिजला होता. आईंनी माझ्या नवऱ्याला भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात खुपसताना पाहिलं होतं. फोनला डबाभर तांदूळ, तर एवढ्या मोठ्या यंत्राला कणगी हवी, असा त्यांनी सरळ हिशेब केला आणि दोघा गड्यांना लावून तो भातात पुरला. पुढे त्यांचं दुखणं निघालं आणि तो तसाच राहिला.

बाहेर काढून बटण दाबलं तर काहीच झालं नाही. दिवा नाही, पंखा नाही, नुसता कुबट वास आला. नवऱ्याने टीव्हीला देतात तशा दोन थपडा द्यायला हात उचलला. मी तो धरला आणि त्याच्यावर इतकी ओरडले की आई आतून बाहेर आल्या.

झाकण उघडलं. आत भाताचं तूस, मेलेले किडे, पंख्याच्या पात्यांत अडकलेल्या लोंब्या. ते बघून मला रडूच फुटलं. उरणच्या दुकानदाराने सांगितलं होतं, की कॉम्प्युटर मेला तरी आतली हार्ड डिस्क जिवंत असू शकते. ती काढून केबलने लॅपटॉपला जोडा, पण टकटक आवाज आला की तिथेच थांबा. ते ‘तिथेच थांबा’ माझ्या डोक्यात बसलं होतं. स्क्रू काढताना एक तुसात पडला तो पडलाच.

डिस्कला वेगळी वीज लागत होती, आणि आमच्याकडे विजेचा काय भरवसा. नवरा म्हणाला, “लाइट हाय तवर करून घे गो.” आई माझ्या शेजारी पाटावर बसल्या. त्या बसल्या याचीही मला भीतीच वाटली. काही निघालं नाही तर मी त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने बघणार होते?

डिस्क फिरू लागली. एकदा टक झालं. मी प्लगकडे हात नेला आणि तसाच धरून ठेवला. पुन्हा झालं नाही. मग पडद्यावर फोल्डर उमटलं आणि हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकू लागली. मध्ये ती थांबली तेव्हा मी मनात मिळतील तेवढे देव बोलावले. सगळ्या फाइली उतरल्या आणि डिस्क बंद केली, तेव्हा पाठीला ब्लाउज चिकटला होता.

पहिली फाइल लावली. आईंचा आवाज पडवीत भरला. जाड, मोकळा, जरा नाकातला. मी तो विसरले होते, हे मला तेव्हा कळलं. शेवटी गाणं संपल्यावर त्या म्हणत होत्या, “झाला का गो? बंद कर तुजा यंत्र.” नवरा उठून अंगणात निघून गेला.

आई मात्र मान हलवत ऐकत होत्या, परीक्षा घेतल्यासारखं. मांडवाच्या धवल्यात त्यांनी एकदम हात वर केला. मी थांबवलं, मागे नेलं. त्याच जागी परत हात. तिथे रेकॉर्डिंगमध्ये त्यांना खोकला आला होता. त्या खोकल्याला तेव्हा आम्ही सर्दी म्हणालो होतो. खोकून झाल्यावर त्या गात सुटल्या होत्या, पण पुढच्याच्या पुढचं.

“मधलं कडवं राहिलं?” मी विचारलं.

त्यांनी मान डोलावली. ते कडवं कुठल्याही फाइलीत नव्हतं. गावात ते दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. ते फक्त माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या डोक्यात होतं आणि तिला आवाज नव्हता. डिस्कच्या वेळी वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली.

आईंनी माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं. ऑपरेशननंतर मी त्यांच्या गळ्याकडे, श्वासासाठी ठेवलेल्या त्या भोकाकडे, कधी धड बघितलं नव्हतं. त्यांनी ओठ हलवायला सुरुवात केली. गळ्यातून नुसती हवा येत होती. मी ओठांवरून पहिला शब्द ओळखून म्हटला. त्यांनी मान हलवली, चूक. दुसरा म्हटला, तोही चूक. मग त्यांनी माझी बोटं उचलून आपल्या ओठांवर ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.