गुणाजीची तेलाची कुपी

“अडलं तिथं जोर न्हाय करायचा. तेल सोडायचं न् थांबायचं.”

मुरुडच्या किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा गुणाजी हे चाळीस वर्षं सांगत आला. गंजलेल्या नटाशी कुणी झटापट करू लागला की तो त्याचा हात धरायचा. लांब चोचीच्या कुपीतून थेंब थेंब तेल सोडायचा आणि विडी ओढत बसायचा. विडी संपेस्तोवर नट सैल झालेला असायचा.

गेल्या साली त्याच्या बायकोला, गोदूबाईला, लकवा मारला. ती अंथरुणाला खिळली, पोट साफ होईना. डॉक्टरांनी लिक्विड पॅराफिन दिलं. पाण्यासारखं नितळ, बिनवासाचं तेल. दोन चमचे, बसवून, आठच दिवस.

भरवणं-पुसणं सून सुचिता करायची. पण तेल म्हटल्यावर ते काम गुणाजीचं. बसवलं की गोदूबाई कण्हायची. म्हणून त्याने एक कोरी कुपी आणली, आणि तिला निजवूनच ओठांच्या कोपऱ्यातून तेल सोडलं. ती खोकली नाही. पोट मोकळं झालं. आठ दिवसांचे तीन महिने झाले.

मग ताप आला, धाप लागली. अलिबागच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला.

“फुप्फुसात तेल उतरलंय. हे घशाला टोचत नाही, खोकलाही येऊ देत नाही. गुपचूप आत जातं. निजवून कोण देत होतं?”

मुलगा विनेश कालच होडीवरून परतला होता. तो बायकोकडे वळला. “आयला उठवून बसवायचाबी कंटाळा तुला?”

सुचिता बोलली तर म्हाताऱ्याचे हात कायमचे गळणार, न बोलली तर घरात तिला कोण उभं करणार? पण राग येत नव्हता, रडूही नाही. ती पंख्याच्या पात्यांवरची धूळ बघत होती.

“तिच्यावर काय वरडतोस?” गुणाजी म्हणाला. “मी दिलं. कुपीतनं.”

“कुपीतनं? आय काय इंजिन हाय, बा?”

“न्हाय.”

त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं, “काढता येल का?”

“नाही, आजोबा. तेल बंद करायचं, ऑक्सिजन लावायचा. मग वाट बघायची.”

“थांबायचं,” तो म्हणाला. त्याने खिशातली कुपी काढली, पंच्याने पुसली, गोदूबाईच्या खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवली.

“मामा, डबा आणलाय, जेवून जा,” सुचिता सासऱ्याला म्हणाली.

तो जिना उतरला. रिक्षावाल्याने हाक मारली, तो थांबला नाही. एसटी स्टँडच्या दिशेने चालला होता, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, कपड्यांना तेल लागू नये म्हणून धरतात तसे. सुचिता खिडकीतून बघत राहिली.