बिनबैलाची मोटार

आकाराम ड्रायव्हरच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एकच भिंत. त्या भिंतीला एक भोक आहे. ते मी पाडलेलं नाही, उंदरानं पाडलं. मी फक्त ते बुजवलं नाही. तेव्हा पुढं जे सांगतोय ते कुणाकडून आलेलं नाही, माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

आकाराम लढाईत होता. लढाई संपली आणि तो इस्लामपूरच्या स्टँडवर ट्रंक घेऊन उतरला, तेव्हा आमच्या आळीनं त्याला ओळखलंच नाही. मिशी वाढली होती आणि मराठी कमी झाली होती. कुणी काही विचारलं की "फिट हाय" म्हणायचा. आईची तब्येत कशी आहे विचारलं तर फिट, म्हैस गाभण आहे का विचारलं तरी फिट. पलटणीत त्यानं ट्रक चालवला, असं तो सांगतो. त्याच्या हातात स्टिअरिंग देणारा सरकारी माणूस मी पाहिलेला नाही, पण मानू या. गोम अशी, की पलटणीत गाडी बिघडली की ती बाजूला लोटायची आणि दुसरी घ्यायची. त्यामुळं चालवण्यात आकाराम पक्का आणि दुरुस्तीत माझ्याइतकाच. मी तर आजवर दाराची कडीसुद्धा नीट बसवलेली नाही.

अशा माणसानं एका डॉक्टरांची जुनी मोटार विकत घेतली. डॉक्टरांनी ती का विकली, हे त्यानं विचारलं नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही. कापडी टपाची, लांब तोंडाची, बाजूला रुंद मडगार्ड असलेली ती मोटार गोठ्यात म्हशीशेजारी उभी राहिली, आणि पहिले आठ दिवस म्हशीनं दूध चोरलं.

आता अंजना. आकारामची बायको, शिराळ्याची लेक. बोलायला कमी, पण बोलली की समोरचा माणूस दोन दिवस तेच घोळत बसतो. त्या वर्षी नागपंचमीला तिला माहेरी जायचं होतं. मुराळी म्हणून तिचा भाऊ बैलगाडी घेऊन येणार होता. आकारामनं त्याला निरोप धाडला, "येऊ नगा. मोटारीनं आणतो."

मोटार वाटेतल्या पेठ गावापर्यंत गेली. पेठेच्या पुढं तिनं दोन आचके दिले, एक लांब उसासा टाकला आणि उभी राहिली. आकारामनं हँडल मारलं, लाथ मारली, सलामसुद्धा ठोकला असेल. शेवटी एका शेतकऱ्याची बैलजोडी मोटारीला जुंपली आणि तशीच शिराळ्यात घातली.

पंचमीच्या दिवशी शिराळ्यात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. नागांच्या मिरवणुकीच्या सजवलेल्या बैलगाड्या, वाजंत्री, लाह्या, दूध, आणि बायकांची ही गर्दी. त्या गर्दीत ही बैलं जुंपलेली मोटार शिरली, ती थेट रांगेतच लागली. पुढं नागाची गाडी, मागं नागाची गाडी, आणि मधे जरीच्या लुगड्यात अंजना. बायकांनी मोटारीवर लाह्या उधळल्या. एक म्हातारी हातात दुधाची वाटी घेऊन पुढं आली आणि विचारती झाली, "ह्या गाडीतला नाग कुठाय गं?"

तिच्या मागची कुणी भवानी म्हणाली, "ती काय बसलीया न्हवं."

झालं. अंजना मोटारीतून उतरली ती थेट माहेरच्या उंबऱ्यात. आकाराम मोटार बैलांनीच माघारी घेऊन आला आणि रात्री त्यानं आईला हे सगळं सांगितलं, ते मी भोकातून ऐकलं. पंचमी सरली, राखीपुनव सरली, गणपती आले आणि गेले, तरी अंजना आली नाही. मग तिचा निरोप आला. निरोप घेऊन आलेला शिराळ्याचा तेली तो आधी मला सांगून गेला, म्हणून शब्दन् शब्द ठाऊक आहे: "मोटार आपल्या पायानं दारात आली तर मी येते. बैलं दिसली तर तिथनंच माघारी जावा, मी दार उघडणार न्हाई."

भोकातून ऐकलं, आकाराम आईला, म्हणजे आमच्या दगडाकाकूला, म्हणत होता, "बैलगाडी घिऊन जातो की गुमान."

दगडाकाकू म्हणाली, "ती काय म्हणली ते कळलं न्हाई व्हय तुला? बैलं बघितली तर दार उघडणार न्हाई. मग गाडीची काय न् मोटारीची काय. आन् माझ्या हातच्या भाकरी तुला गिळत्यात का?"

दगडाकाकूच्या भाकरी हा वेगळा विषय आहे. आळीतली कुत्री त्या उचलून नेतात आणि पुरून ठेवतात.

तेव्हा मोटार दुरुस्त करणं आलं. आकारामनं आधी सगळं उघडलं. मग काय काय उघडलं होतं ते विसरला. मी भिंतीवरून सल्ला देत होतो.

"आकाराम, तिला मालिश करून बघ."

"केरबानाना, तुमी आत जावा."

"म्हशीला आचके येत्यात तवा आमी कांद्याचा रस पाजतो. मोटारीचं तोंड कुठलं?"

तरी शेवटी त्यालाच सापडलं. इंजिनाच्या कडेला दोन बोल्टांवर मुठीएवढा पंप बसवलेला असतो. त्याचा एक दांडा इंजिनाच्या पोटात जातो. इंजिन फिरलं की दांडा हलतो, दांडा हलला की आतला रबरी कापडाचा पडदा खालीवर होतो, आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल पुढं ओढलं जातं. त्या पंपाच्या बुडाच्या भोकातून पेट्रोल ठिबकत होतं. खोलून पाहिला तर पडदा उभा फाटलेला. आकारामनं तो पडदा मला असा दाखवला, जसा वैद्य नातेवाईकांना गेलेला रोगी दाखवतो. मी पण टोपी काढली.

पुण्याला पलटणीच्या शिलकी मालाचे ढीग विकायला निघाले होते. आकाराम गेला आणि तिथनं नवा पंप घेऊन आला. तेलकट कागदात गुंडाळलेला, धातूचा, चकचकीत. वरच्या बाजूला काचेची वाटी, म्हणजे कचरा आला तर तिथंच थांबावा आणि दिसावा. दोन्ही अंगाला दोन तोंडं, एकातून पेट्रोल आत, दुसऱ्यातून बाहेर. आकारामनं तो छातीशी धरून घरात आणला, तसा अंजनालाही आणला नव्हता.

दगडाकाकूनं दारातच आडवा हात घातला. "थांब. नवी वस्तू हाय. तशीच आत न्यायची न्हाई." भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, म्हणजे आकारामच्या, पंपाला पाय नव्हते. मग पंप देवघरात गेला. थोड्या वेळानं बाहेर आला तो हिरव्या खणात गुंडाळलेला, वर सुपारी आणि खोबऱ्याची वाटी. मी म्हणालो, "काकू, ओटी भरलीसा की काय पंपाची?"

"मग? सुनंला आणायला निघालाय त्यो. रिकाम्या ओटीनं धाडू?"

आमच्या घरात शिवणयंत्राची मुंज करायचं तेवढं राहिलं आहे.

बसवायच्या दिवशी आकारामनं लष्करी हुकूम काढला: आज आळीत चूल पेटणार नाही, विडी ओढली जाणार नाही, पेट्रोल उघडं आहे. सगळ्या आळीनं दही-पोहे खाल्ले आणि त्याला शिव्या दिल्या. पंपाखाली घालायच्या पॅकिंगसाठी त्यानं जुन्या पंचांगाचा पुठ्ठा कापला. बोल्ट बसवताना दांडा इंजिनाच्या आत नीट टेकवायला लागतो, तो काही केल्या टेकेना. मी बाहेरून पंप दाबून धरला, त्यानं हँडल जरा फिरवलं, दांडा जागेवर गेला आणि माझा अंगठा मधे गेला. नळ्या जोडण्याआधी त्यानं टाकीकडची नळी तोंडानं ओढली आणि घोटभर पेट्रोल प्याला. "कसं हाय?" मी विचारलं. "फिट," तो म्हणाला, आणि परसात पळाला.

पण मोटार सुरू झाली. तिच्या आवाजानं म्हशीनं दावं तोडलं. आकारामनं धुतलेलं धोतर नेसलं, कोट चढवला. दगडाकाकू पाठीमागं बसली, कारण सुनेला आणायला सासूनं जायची रीत नाही, पण मोटारीत बसायची संधी सोडायचीही रीत नाही. मी पुढं बसलो. सोबत कुणी शहाणं माणूस हवं म्हणून.

पेठेच्या पुढं, अगदी त्याच बाभळीखाली, मोटारीनं दोन आचके दिले आणि लांब उसासा टाकला.

आकारामचा चेहरा पंचमीच्या दिवशीचा झाला. उतरला, बाजूचं झाकण उचललं आणि नुसता बघत राहिला. मीही वाकून पाहिलं. काचेच्या वाटीत पेट्रोल कुंकवासारखं लाल झालं होतं, तळाला हळद बसली होती, आणि वर अख्खे तांदूळ पोहत होते.

"आई," आकाराम हळूच म्हणाला, "तांदूळ आत कुठं घातलंस?"

"तोंडात," दगडाकाकू म्हणाली. "दोन तोंडं दिसली. एकात घालून दुसऱ्याला उपाशी ठेवू?"

"किती घातलंस?"

"ओटीला मापून घालत्यात का रं?"

आकारामनं वाटी काढली, धुतली, जाळी फुंकली. कुंकवानं त्याचं तोंड रंगलं. पण दुसऱ्या तोंडाचे दाणे आत झडपेत जाऊन अडकले होते. पंप उघडायचा तर पडदा निघणार, आणि पडदा भर रस्त्यात पुन्हा नीट बसेल याची खात्री आकारामलाही नव्हती. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून ओळखीचा आवाज आला. पंचमीला ज्याची बैलं जुंपली होती तोच शेतकरी.

"पावनं, जुंपू का?"

"नगं," आकाराम म्हणाला. आवाज असा होता की बैलंसुद्धा दोन पावलं मागं सरली.

तो रस्त्याच्या कडेला बसला. खरं सांगतो, तेव्हा मलाही थट्टा सुचली नाही. सुचली होती, पण केली नाही.

मग एकदम उठला. "पलटणीत एकदा असं झालतं," म्हणाला. "पंप गेला की पेट्रोल उंचावरनं सोडायचं. खाली आपोआप उतरतंय." पेठेत जाऊन हॉटेलवाल्याकडून दुधाची किटली मागून आणली. टाकीतलं पेट्रोल तिच्यात काढलं, पुन्हा घोटभर प्याला, आणि रबरी नळीचं एक टोक किटलीत, दुसरं थेट कार्बुरेटरला. आता कुणीतरी पुढच्या मडगार्डवर बसून किटली डोक्याएवढी उंच धरायची.

मी बसलो. मडगार्ड चाकाला टेकलं. मी उतरलो.

"सरक," दगडाकाकू म्हणाली. तिनं लुगड्याचा काचा मारला आणि मडगार्डवर चढून बसली. "माझ्या तांदळानं अडली न्हवं? मीच न्हेते."

"आई, पडशील."

"तू गाडी हाक."

मोटार चालू झाली. किटली जरा खाली आली की मोटार आचके द्यायची, वर गेली की पळायची. म्हणजे त्या दिवशी मोटार आकाराम चालवत नव्हता, दगडाकाकूचा दंड चालवत होता. चढाला आकाराम ओरडायचा, "वर, आई, वर." आणि काकू म्हणायची, "वरच हाय रं, आता काय आभाळात न्हिऊ?"

शिराळ्यात शिरलो आणि जे व्हायचं तेच झालं. मडगार्डवर ताठ बसलेली म्हातारी, हातात उंच किटली, ड्रायव्हरचं तोंड कुंकवानं लाल. लोकांना वाटलं, देवीचं पाणी चाललंय. बायका हात जोडून कडेला झाल्या. एकीनं चाकावर तांब्याभर पाणी ओतलं. एकजण किटलीतलं तीर्थ मागत पाठीमागं पळत आला, मी त्याला सांगितलं, "आमच्या ड्रायव्हरनं घेतलंय, त्याला विचार."

अंजनाच्या दारात मोटार थांबली. दार बंद होतं. आकाराम खाली उतरून दाराकडं न बघता मोटारीकडं बघत उभा राहिला. गल्ली गोळा झाली.

दार उघडलं. अंजना बाहेर आली, पायरीवर थांबली. मोटारीच्या पुढं बघितलं, बैलं नव्हती. मागं जाऊन बघितलं, तिथंही नव्हती. मग मडगार्डपाशी येऊन सासूकडं बघितलं. काकूचा हात अजून वरच होता. मोटार थांबली तरी खाली घ्यायचा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाठोपाठ अंजनाची भावजय दारात आली. पंचमीपासून तिची जीभ रिकामी होती. "वन्सं," ती म्हणाली, "मागल्या खेपंला बैलं हुती, आता सासू जुपली व्हय?"

अंजना वळलीसुद्धा नाही. "वैनी, तुमी तुमची सासू जुपून बघा की. किती पळतीया ते कळंल."

तिची सासू, म्हणजे अंजनाची आई, ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यातच उभी होती. "मला कशाला मधी वढता गं?" ती म्हणाली.

अंजनानं सासूच्या हातातली किटली काढून घेतली. "आत्याबाई, उतरा. मागं बसा," म्हणाली. एवढंच.

आईनं लेकीची ओटी भरायला पुढं पाऊल टाकलं. ताटात खण होता, नारळ होता, आणि तांदळाची रास. आकाराम झटकन मधे आला आणि मोटारीच्या झाकणावर दोन्ही हात ठेवून आडवा उभा राहिला.

"तिची भरा," तो सासूला म्हणाला. "हिची भरलीया."

परतताना मडगार्डवर अंजना होती, जरीचं लुगडं, ओटीत नारळ, डोक्यावर किटली. मोटार एकदाही आचकली नाही. मागच्या सीटवर दगडाकाकू दंड चोळत बसली होती आणि मला विचारत होती, "केरबा, एक सांग. घोड्याला दाणा लागतो, बैलाला दाणा लागतो. मग हिलाच कसा सोसत न्हाई?"

पेठेला बाभळीखाली तो शेतकरी बैलं घेऊन उभाच होता. अंजनानं किटली जरा आणखी वर उचलली, आणि आम्ही त्याच्या पुढून निघून गेलो.