जिन्यात अडकलेला खलनायक

कुलूपवाल्याला चांगले गेम आवडत नसत. चांगला गेम काय, कोणीही संपवतो, असं त्याचं म्हणणं. दुकानावरून आलं की हात घासून धुवायचे, टीव्हीखालचं जुनाट मशीन चालू करायचं आणि जगाने टाकून दिलेला एखादा मारधाडीचा गेम तडीस न्यायचा, हा त्याचा शिरस्ता. एकात नायक भिंतीला टेकला की भिंतीतच शिरायचा. दुसऱ्यात माणूस मरून पडल्यावर बंदुकीचा आवाज यायचा. "पण उडी काय मारतो!" असं तो कौतुकाने म्हणायचा. बायकोने या विषयापुढे कधीच हात टेकले होते.

सासूबाई मात्र सापडल्या. सासरे गेल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या, आणि एका संध्याकाळी जावयाने दुसरा रिमोट सहज त्यांच्या हातात दिला. त्या जन्मभर नर्स, हात कसा स्थिर. रिमोट धरल्या धरल्या गेममधले चार पहारेकरी आडवे केले आणि चष्मा पुसत विचारलं, "आत आणखी असतील ना?"

तेव्हापासून वाटणीच झाली. दारं त्याने उघडायची, गोळ्या त्यांनी घालायच्या. सध्याच्या गेममध्ये ऐन लढाईत मध्ये एक खांब यायचा आणि काही म्हणजे काही दिसायचं नाही. त्या खांबाला सासूबाई ज्या शिव्या घालत, त्या लेकीने उभ्या आयुष्यात ऐकल्या नव्हत्या.

अशात मेहुण्याने मोठं घर घेतलं. आईला वेगळी खोली, गच्ची, सगळं. न्यायला येतो म्हणाला. "हातातला गेम संपला की ये," सासूबाईंनी फोनवर सांगितलं. मेहुणा चक्रावला, पण आईपुढे बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती.

आणि शेवटच्या लेव्हलला खलनायक धावत आला तो जिन्यात कमरेपर्यंत रुतला. जागच्या जागी धावत राहिला. सासूबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला.

"अडकलेल्या माणसाला मी गोळी घालायची नाही."

"आई, अख्खं शहर जाळून आलाय तो!"

"असू दे. आधी सुटू दे."

मग रोज तेच. खलनायक रुतायचा, सासूबाई जरा वेळ त्याच्याकडे बघायच्या आणि "आज राहू दे" म्हणून उठायच्या. कुलूपवाल्याचा मात्र जीव कासावीस. अडकलेली वस्तू समोर असताना त्याला घास गोड लागत नसे. त्याने खलनायकाला ढकलून पाहिलं, शेजारी बॉम्ब फोडून पाहिला.

"अहो, राहू द्या ना त्याला तिथेच," बायको म्हणाली.

"माझा धंदा काय आहे?" तो म्हणाला.

शेवटी जिन्याजवळचं दार पुन्हा पुन्हा उघडलं आणि लावलं, तेव्हा गडी सुटला. सासूबाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी त्याला गोळी घातली. पडद्यावर नावं सरकू लागली. कुलूपवाल्याने शाबासकीसाठी मान वळवली, तर सासूबाई रिमोटची वायर नीट गुंडाळत होत्या. "छान झालं हो, जावईबापू," म्हणाल्या आणि आत गेल्या. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला.

"सोडवलात एकदाचा?" बायकोने विचारलं.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी कुलुपं उघडली, पण असा मूर्खपणा हातून झाला नव्हता. उद्यापासून शेजारची खुर्ची रिकामी राहणार, या विचाराने त्याला चक्क रडू यायला लागलं. पण राहा म्हणायचं तर मेहुण्याचा मान, आणि जावयाची जीभही अशा वेळी वळत नाही. तो खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आई, याचा दुसरा भाग आहे."

त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "कसा आहे?"

खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं. "भिकार. याच्याहून. मध्येच बंद पडतो, मग पुन्हा पहिल्यापासून."

"संपतो का?"

"कोणी संपवल्याचं ऐकलं नाही."

सासूबाईंनी हातातला स्वेटर परत कपाटात ठेवला.

"मग लावा," त्या म्हणाल्या.