दुसऱ्या स्फोटाचं कारण

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. ह्यांच्यापाशीही नाही, आणि खरं तर सगळ्यांत आधी ह्यांनाच सांगायला हवं होतं. आता हे नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते आहे. जिथे बोलायचं तिथे तोंड उघडलं नाही, आता बसले आहे बोलायला.

आमच्या ह्यांना एका जहाजाचं वेड होतं. पहिल्या महायुद्धात आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ पाणबुडीनं बुडवलेलं ते मोठं प्रवासी जहाज. ते इथलंच, आमच्या ग्लासगोजवळ क्लाइड नदीच्या काठावर बांधलेलं. हे जन्मभर बॉयलरवर काम केलेले इंजिनीअर, त्यामुळे त्या जहाजावर आपला हक्कच आहे असं त्यांना वाटे. टॉर्पेडो एकच लागला, पण लगेच आत दुसरा स्फोट झाला, पहिल्याहून मोठा. तो कशाचा? कुणी म्हणतं, लपवून नेलेला दारूगोळा. कुणी म्हणतं, रिकाम्या कोठारांतली कोळशाची धूळ. कुणी म्हणतं, तापलेल्या बॉयलरवर समुद्राचं थंडगार पाणी आलं. ह्यांचा कौल वाफेच्या मुख्य पाइपाला. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये हे बोलत सुटत आणि मी मागे चहा ओतत असे. दारूगोळ्याची गोष्ट लोकांना आवडते, हे म्हणत, कारण तिच्यात लबाड माणूस नेहमी दुसराच असतो.

मला त्या जहाजाचं सोयरसुतक नव्हतं. ऐकून ऐकून पाठ झालं, एवढंच. — वेळ काढते आहे मी. कळतंय मला.

आमची एकुलती एक मुलगी गौरी. तिनं सुमेधशी लग्न ठरवलं. लंडनमधल्या इल्फर्डचा मुलगा, शांत, हुशार, घरचे बौद्ध. मी लगेच हो म्हटलं. म्हणणारच — जयंतीच्या कार्यक्रमात समतेवर भाषण करणारी बाई ना मी! लग्नाआधी दोघांचं केळवण केलं. सुमेधच्या आईलाही, मायाताईंनाही, आग्रहानं बोलावलं. एकटीनं मुलगा वाढवलेली बाई. लंडनहून ट्रेननं आल्या त्या हातात स्वतः वळलेल्या लाडवांचा डबा घेऊन.

जेवताना ह्यांनी सुमेधला विचारलं, “आडनावावरून काही कळत नाही. तुम्ही लोक कोणापैकी?”

गौरीचा चेहरा उतरला. मी ह्यांना सगळ्यांदेखत झापलं — हे काय विचारणं झालं, अहो? मायाताई हसल्या, म्हणाल्या, असू द्या, सवय आहे. पुन्हा पोळ्या वाढल्या गेल्या, वर तूप गेलं. पाणी आत आलं होतं, पण बुडण्याइतकं नाही. गौरी तेवढ्यावर घर सोडून गेली नसती. तिला तिचे बाबा माहीत होते.

मग चहा झाला. मंडळी बाहेरच्या खोलीत कोट घालत होती आणि मी किचनमध्ये कप धूत होते. माझ्या आईनं दिलेला निळ्या काठाचा सेट, सहा कपांचा. मायाताईंचा कप मला ओळखू येत होता — का येत होता? मी लक्ष ठेवलं होतं का? तो मी साबणानं धुतला. पुसला. कपाट उघडलं, आणि हात पुढे जाईना. कुणी बघत नव्हतं. कुणी काही सांगितलं नव्हतं. लहानपणी आमच्या मागच्या दाराशी एक वेगळा कप उपडा ठेवलेला असे, तो आठवला असं म्हणता येईल. पण तेव्हा मला काहीसुद्धा आठवलं नाही. मी कप कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला.

मागून गौरी आली, हातात कागदी नॅपकिन्स. तिनं पेडलवर पाय दिला आणि आत पाहिलं. फुटलेला असता तर काही नव्हतं. कप अख्खा होता. धुतलेला, पुसलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पाय काढला आणि सुमेध-मायाताईंबरोबर गेली.

लग्नाला आम्हाला बोलावणं आलं नाही. माझे फोन ती घेत नसे. ह्यांचे घ्यायची. हे माफी मागत, आणि ती म्हणे, बाबा, तुमच्यावर राग नाही. ह्यांना तेच उमजेना. राग नाही, तर येत का नाही? जहाजाचं सोडून हे आता याचीच कारणं शोधत बसले. फिरून फिरून स्वतःच्या त्या एका प्रश्नावर येत. एके दिवशी जेवता जेवता मला म्हणाले, “माझ्या त्या बोलण्यानंच गेली का गं ती?”

मी त्यांच्या पानात भात वाढत होते.

“हो,” मी म्हटलं. “विचारायला नको होतं तुम्ही.”

ऐकलंत? कपाचं जाऊ दे, असंही मी म्हणणार नाही. कप आहेच. पण हेही आहे. त्यानंतर ह्यांनी जहाजावर बोलणं पारच बंद केलं. मंडळात कुणी विषय काढला तर म्हणत, बाहेरून काही कळत नाही हो. हॉस्पिटलमध्ये शेवटीसुद्धा, माझंच चुकलं, एवढंच म्हणत राहिले. मी हात धरून बसले होते. तेव्हा तरी सांगता आलं असतं. नाही सांगितलं. गौरीनंही बाबांना कधी सांगितलं नाही. का, ते तिलाच ठाऊक.

अंत्यसंस्काराला ती एकटी आली. क्रेमेटोरियममधून घरी आलो. मी सवयीनं चहा केला, सवयीनं त्याच सेटमध्ये ओतला. तिनं उभ्यानंच प्यायला. स्वतःचा कप धुतला, पुसला, पेडलवर पाय दिला आणि कप आत सोडला. हळूच सोडला. फुटला नाही.

आपल्याकडे निघताना ‘येते’ म्हणतात.

“जाते,” ती म्हणाली.

सेटमध्ये आता चार कप आहेत. सकाळी त्यातल्या एकात मी चहा घेते. मग धुते, पुसते आणि कपाटात ठेवते.