फुटाण्याचा टाका

"हात ढिला सोडा मॅडम, सुई काही पळून नाही चालली," असं म्हणत मावशी माझं मनगट दोन बोटांत धरून हलवायच्या. मी आपली क्रोशाची सुई खडूसारखी आवळून धरलेली.

हिंदी-मराठी सीमेवरच्या सौंसरच्या आमच्या शाळेच्या वसतिगृहात त्या स्वयंपाक करायच्या. शिक्षण तिसरीपर्यंत. दुपारची भांडी आटोपली की ओट्यावर दोऱ्याचा गुंडा घेऊन बसायच्या. मी गणित शिकवायची. मधल्या सुट्टीत त्यांच्याकडून साखळी आणि खांब हे टाके शिकायची. तुमच्याही शाळेत, ऑफिसात अशी एखादी बाई असेल. तिच्या हातचं आपण रोज खातो आणि तिच्या हातात आणखी काय आहे ते विचारत नाही.

एकदा हेडबाईंच्या टेबलावर विणलेला नवा रुमाल आला. त्यावर टपोरे दाणे उठून आले होते. चहा ठेवायला आलेल्या मावशी तिथंच थांबल्या.

"हे असं फुगून कसं आलं जी?"

"मावशी, हे तुमच्याच्यानं नाही व्हायचं," हेडबाई हसल्या. "बाहेरचं काम आहे."

मावशी चहा ठेवून निघाल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र ओट्यावर त्यांचं विणणं कमी आणि उसवणंच जास्त. एका घरात पाच खांब घातले की दाण्याऐवजी पंखा व्हायचा. दोरा गुंडाळला की नुसती गाठ. मी म्हटलं, "मोबाइलवर दाखवते ना, दोन मिनिटांत कळेल."

"नोका दाखवू. मंग ते त्या मोबाइलवालीचं झालं. माहं कायचं?"

तीन आठवडे असे गेले. मग एके दिवशी मी सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत असताना मावशी दारात उभ्या. कोपरापर्यंत कणीक.

"मॅडम, सुई काहाडूनच घ्याची!"

मावशी आत आल्या आणि कणकेच्या हातांनी हवेतच दाखवू लागल्या. पाच खांब झाले की फास मोकळा सोडायचा, सुई बाहेर काढायची, पहिल्या खांबाच्या डोक्यात समोरून घालायची आणि तो सुटा फास ओढून घ्यायचा. "का फट्टकन उभा राहते! फुटाण्यावाणी!"

पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्या तासाला अपूर्णांक राहिले ते राहिलेच.

पांढुर्णा हा आमचा नवा जिल्हा झाल्यावर तिथं बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. मावशींचा फुटाण्यांचा रुमाल घेऊन आम्ही दोघी बसनं गेलो. बक्षिसासाठी तपासायला आलेल्या बाईंनी रुमाल बोटांनी चाचपला आणि विचारलं, "ये आपने खुद बनाया है? या कहीं से लिया?"

माझं तोंड उघडायच्या आत मावशींनी शेजारच्या टेबलावरची कात्री उचलली. शेवटची गाठ कापली आणि दोरा ओढला. सरसर सरसर करत काठाची अख्खी ओळ उसवली. ती ओळ विणताना मी त्यांना चार दुपारी पाहिलं होतं.

"बसा बाई," मावशी मराठीतच म्हणाल्या. कमरेची सुई काढली. "मी करून राहिली, तुम्ही पाहून राहा."

पहिला फुटाणा उठला. दुसरा उठला. भोवती बायका जमल्या. सहाव्या फुटाण्याला त्या बाई खरंच खुर्ची ओढून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "एक बार फिर से दिखाइए ना."

मावशींनी पुन्हा दाखवलं, सावकाश, न रागावता. बक्षीस दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी ताठ बसून होत्या. मी हळहळले, तर म्हणाल्या, "तिले आला का नाही टाका? झालं तं मंग."

निवृत्त होऊन त्या लोधीखेड्याला मुलाकडे गेल्या. गेल्या हिवाळ्यात मी भेटायला गेले. ती शेवटची भेट ठरली. ओट्यावर सात-आठ बायका सुया घेऊन बसलेल्या, मध्ये मावशी. थकल्या होत्या, पण आवाज तोच. एका पोरसवदा सुनेनं मला पाहून विचारलं, "ह्या कोण जी?"

मावशी मान वर न करता म्हणाल्या, "ह्या माह्या पहिल्या विद्यार्थिनी. सौंसरच्या शाळेत शिकवतेत."

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी ओळख एवढ्या तोऱ्यात कुणी करून दिली नव्हती. बायकांनी सरकून जागा केली. मी चपला काढल्या आणि त्यांच्या रांगेत मांडी घालून बसले.